एका सेकंदाचं वादळ

कळंबोलीचा लोखंड बाजार मागे टाकून नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये शिरलं, की भारतीय भूचुंबकत्व संस्थेची इमारत लागते. शेजारून हायवे अखंड वाहत असतो. पनवेलमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्यांनाही संस्थेचं नाव ओझरतंच ठाऊक असतं. आत चालतो तो पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आणि तिच्याभोवतीच्या अवकाशाचा अभ्यास. अलिबाग, नागपूर, तिरुनेलवेली, शिलाँग आणि थेट अंटार्क्टिकावरचं मैत्री केंद्र, इतक्या दूरदूरच्या ठिकाणी या संस्थेने पृथ्वीच्या चुंबकत्वावर नजर ठेवलेली आहे.

मला मात्र इथल्या कामातली सर्वांत नवलाची गोष्ट वाटते ती उपकरणांपलीकडची. इथले काही संशोधक संगणकात अवकाशाचा एक तुकडा रचतात. त्यात लाखो विद्युतभारित कण सोडतात, निसर्गाचे दोन-तीन नियम लावून देतात आणि मग काय होतं ते बघतात. मंगळाजवळ किंवा पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला, लाखभर किलोमीटरांवर जे घडतं, त्याची प्रतिकृती पनवेलमधल्या एका टेबलावर उभी राहते. एमएस्सी करून पीएचडीला आलेल्या मुलामुलींना ही विद्या शिकावी लागते, आणि ती शिकणं म्हणजे प्रोग्राम लिहायला शिकणं एवढंच असेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या संस्थेची सुरुवात मुंबईच्या कुलाब्यात झाली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तिथे वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. अर्ध्या शतकाहून जास्त काळ तिथली माणसं सुईचं हलणं टिपत राहिली. नानाभॉय मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. १८९६ साली त्यांनी सूत्रं घेतली आणि थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे पेच आला. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेवरच्या ट्राम येणार होत्या. ट्रामचा वीजप्रवाह रुळांतून परत जाताना जमिनीत झिरपतो आणि असा भटका प्रवाह संवेदनशील सुईला हलवून सोडतो. तेव्हा कुलाब्याची नोंद संपणार हे उघड होतं.

मूस यांनी ती संपू दिली नाही. मुंबईच्या दक्षिणेला, समुद्रापलीकडे अलिबागला त्यांनी नवी वेधशाळा बांधून घेतली. तिच्या भिंतींसाठी दगड आणला तो पोरबंदरचा. कोकणात काळ्या पाषाणाला तोटा नाही, पण आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, म्हणजे दगड स्वतःच थोडा चुंबक असतो. त्या दगडाच्या खोलीत बसून पृथ्वीचं चुंबकत्व मोजणं म्हणजे भिंतीचंच चुंबकत्व मोजणं झालं असतं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांमधला फरक नेमका कळावा आणि जुन्या आकड्यांची माळ नव्या आकड्यांना न तुटता जोडता यावी, यासाठी हा खटाटोप होता. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली, तोवर अलिबाग तयार होतं. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी विश्लेषणासह प्रसिद्ध केल्या. १९७१ साली या परंपरेतून स्वायत्त भारतीय भूचुंबकत्व संस्था झाली, आणि पुढे तिचं मुख्यालय कुलाब्याहून नवीन पनवेलला आलं. मोजणी अलिबागलाच राहिली. पनवेलच्या लोखंडात, लोकलच्या तारांत आणि ट्रकांच्या गर्दीत सुईला शांतपणा कुठला?

कुलाब्याच्या त्या वह्यांतली एक नोंद आज जगभर ओळखली जाते. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग काढत असताना डागांच्या मधोमध त्यांना लख्ख प्रकाश दिसला. सूर्यावरून सुटलेला प्रभारित वायूचा लोंढा सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर आदळला. असे लोंढे एरवी दोन-तीन दिवस घेतात. तेव्हा मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ उलटत आली होती. कुलाब्याचे निरीक्षक नेहमी तासाला एक नोंद घेत. चुंबकीय वादळ सुरू झालेलं पाहून त्यांनी पंधरा-पंधरा आणि पुढे पाच-पाच मिनिटांनी आकडे उतरवायला सुरुवात केली. सगळं डोळ्यांनी वाचून, हाताने लिहून. त्या नोंदीत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरलेला दिसतो. मुंबईत या घटकाचं एकूण मान ३७ हजारांच्या आसपास. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाला तासाभरात चार टक्क्यांची खोट आली.

२००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासोबत भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी ही जुनी नोंद पुन्हा वाचली आणि वादळाची तीव्रता सुमारे उणे १,७६० नॅनोटेस्ला ठरवली. तुलनेला १९८९ चं वादळ घ्या. त्याने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज नऊ तास घालवली, साठ लाख माणसं अंधारात बसली. त्याची तीव्रता होती उणे ५८९. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानले इथून तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला, ते आणखी सौम्य होतं.

आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो. पुढे इतर अभ्यासकांनी तासाच्या सरासरीने हिशेब केला तेव्हा १८५९ चा आकडा उणे ८५० च्या घरात आला. कुलाब्याची सुई जितक्या वेगाने पडली तितक्याच वेगाने सावरली. पृथ्वीभोवती हजारो किलोमीटरांवर वाहणाऱ्या वलयाकार विद्युतप्रवाहामुळे इतका जलद चढउतार होईल का? की मुंबईच्या डोक्यावर, आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, त्या सकाळी दुसराच कुठला प्रवाह उतरला होता? ही नोंद एकाच ठिकाणची आहे आणि ते वादळ पुन्हा घडवता येत नाही. निसर्ग एकदाच बोलला. आता त्याला पुन्हा विचारायचं, तर संगणकात तसं आकाश रचून विचारायचं, हाच एक मार्ग उरतो.

असं आकाश रचणं अवघड का, हे समजायला प्लाझ्मा म्हणजे काय ते पाहू. वायू इतका तापला किंवा त्यावर इतका अतिनील प्रकाश पडला की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. उरतात धन आयन आणि ऋण इलेक्ट्रॉन, दोन्ही मोकाट. सूर्य, सौरवारा, आपल्या डोक्यावरचं आयनांबर हे सगळं प्लाझ्मा. यातला प्रत्येक कण इतर प्रत्येक कणाला ओढतो किंवा ढकलतो, तेही दूरवरून. नियम सोपे आहेत, बारावीच्या पुस्तकात मावतील इतके. पण कण हलले की क्षेत्र बदलतं, क्षेत्र बदललं की कण हलतात. हा फेरा कागदावर सुटत नाही. तीन ग्रहांच्या गतीचं सर्वसाधारण सूत्रसुद्धा माणसाला मांडता आलेलं नाही, आणि दिवसा आयनांबराच्या एका घनसेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या आसपास इलेक्ट्रॉन असतात.

मग संगणकात हे करतात कसं? विद्यार्थ्याचा पहिला धडा जवळून पाहू.

एक सरळ रेष घ्या. तिचे ६४ किंवा १२८ समान भाग करा, त्यांना घरं म्हणू. या रेषेवर दहा हजार इलेक्ट्रॉन सोडा. निम्मे उजवीकडे धावणारे, निम्मे तेवढ्याच वेगाने डावीकडे. आयन जड, ते पार्श्वभूमीला स्थिर धरा. उजव्या टोकाने बाहेर पडणारा कण डाव्या टोकाने आत येईल अशी सोय करा. आता प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा इतर प्रत्येकाशी हिशेब मांडायचा म्हटलं तर एका टप्प्यासाठी सुमारे पाच कोटी जोड्या होतात, आणि टप्पे हजारो लागतात. यावर प्लाझ्माच्या संशोधकांनी जी युक्ती काढली ती मला आजही अतिशय सुंदर वाटते. कणांनी एकमेकांशी बोलायचंच नाही. प्रत्येक कणाने आपला विद्युतभार जवळच्या दोन घरांच्या खुणांवर वाटून द्यायचा. मग त्या ६४ खुणांवरच्या भारांवरून विद्युतक्षेत्र काढायचं. ते क्षेत्र कणाच्या जागी किती आहे हे परत वाचायचं, आणि तेवढा धक्का देऊन कण पुढे सरकवायचा. भार वाटा, क्षेत्र काढा, क्षेत्र वाचा, कण हलवा. पाच कोटींचं काम दहा हजारांवर आलं.

यातला प्रत्येक ‘कण’ खऱ्या लाखो-कोटी इलेक्ट्रॉनांचा प्रतिनिधी असतो. तालुक्यातल्या भाताचा उतारा ठरवताना सगळी शेतं कापत नाहीत. पीक कापणी प्रयोगात ठरावीक शेतांतला ठरावीक तुकडा कापून वजन करतात, तसंच हे. आणि नमुना म्हटला की त्याची चूकही आली. प्रतिनिधी चौपट केले तर गोंगाट निम्मा होतो, त्याहून स्वस्त सवलत नाही.

आता प्रोग्राम सुरू करा आणि एक आलेख काढा. आडव्या अक्षावर कणाची जागा, उभ्या अक्षावर त्याचा वेग. सुरुवातीला दोन आडव्या रेषा दिसतात, एक वर, एक खाली. काही काळ काहीच होत नाही. मग रेषांना किंचित लहर येते. लहर वाढते, वरची रेष खाली झुकते, खालची वर उचलली जाते आणि बघता बघता दोन्ही एकमेकींत गुंडाळल्या जाऊन पडद्यावर भोवरे उमटतात, मधोमध रिकामा डोळा असलेले. प्रोग्राममध्ये भोवरा कुठेच लिहिलेला नसतो. लिहिलेले असतात ते फक्त दोन नियम आणि दहा हजार आकडे. त्या डोळ्याभोवती इलेक्ट्रॉन अडकलेले असतात. स्वतःच निर्माण केलेल्या क्षेत्राच्या खळग्यात ते घिरट्या घालतात आणि ती रचना शाबूत राहते.

अशा रचना असू शकतात हे १९५७ साली बर्नस्टाइन, ग्रीन आणि क्रुस्कल यांनी गणिताने दाखवलं होतं. अवकाशयानं मात्र कित्येक वर्षं पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला लांबलेल्या चुंबकीय शेपटीत नुसता विद्युत गोंगाट नोंदवत होती. १९९४ साली जपानच्या जिओटेल यानाच्या तपशीलवार नोंदी उलगडल्या तेव्हा कळलं, की तो गोंगाट म्हणजे एकामागून एक जाणारे स्वतंत्र, नेटके स्पंद होते. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर पहिल्याच आठवड्यात उमटणारा भोवरा आणि यानाच्या तारेवरून गेलेला तो स्पंद एकाच घराण्यातले.

इथवर सगळं मोहक आहे. पण शिक्षण सुरू होतं ते यापुढे, शंका घ्यायला लागल्यावर.

प्लाझ्मात एक नैसर्गिक लांबी असते, डेबाय लांबी. एका कणाच्या विद्युतभाराचा प्रभाव साधारण तेवढ्या अंतरापलीकडे शेजारच्या कणांच्या गर्दीमुळे झाकला जातो. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात ती सुमारे दहा मीटर असते, आयनांबरात दोन-तीन मिलिमीटर. तुमच्या जाळीचं घर या लांबीपेक्षा बरंच मोठं झालं तर एक चमत्कारिक प्रकार होतो. प्लाझ्मा आपोआप तापू लागतो. उष्णता कुठून आली? कुठूनही नाही, ती हिशेबाच्या ढोबळपणातून जन्मली. यंत्र कसलीही तक्रार करत नाही. आलेख झळाळत असतात, रंगीत चित्रं निघतात, आणि सगळी खोटी असतात. कालाचा टप्पा मोठा घेतला तरी तीच गत. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ सालीच, म्हणजे आजच्या अर्थाने संगणक जन्मण्याआधी, दाखवून दिलं होतं की एका टप्प्यात लाट एका घराच्या पलीकडे जात असेल तर हिशेब कोसळतो.

म्हणून चांगला मार्गदर्शक विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारतो तो निकालाचा नसतो. एकूण ऊर्जा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढीच राहिली का? ज्या साध्या प्रसंगाचं उत्तर कागदावर माहीत आहे, त्यात तुझा प्रोग्राम तेच उत्तर देतो का? घरं दुप्पट बारीक केली तर उत्तर हललं का? मूस यांनी दोन वर्षं दोन जागी एकाच वेळी मोजणी करून जी खातरजमा केली, तिच्याशी हे काम रक्ताच्या नात्याने जोडलेलं आहे असं मला मनापासून वाटतं. भूचुंबकत्व संस्थेत पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी मूस यांच्याच नावाची फेलोशिप आहे, ते यथार्थ आहे.

पहिल्या धड्यातून थेट १८५९ च्या वादळापर्यंत उडी का मारता येत नाही, याचा हिशेब करून पाहा. पृथ्वीचं चुंबकीय कवच सूर्याच्या बाजूला सुमारे ६४ हजार किलोमीटरांपर्यंत पसरलेलं असतं. लाख किलोमीटर बाजूचा एक घन धरा आणि त्यात दहा-दहा मीटरांची घरं पाडा. एका बाजूला एक कोटी घरं होतात, एकूण एकावर एकवीस शून्यं इतकी. प्रत्येक घरात वीस कण आणि प्रत्येक कणामागे पन्नास आकडेमोडी धरल्या तर एका टप्प्याला एकावर चोवीस शून्यं. जगातले सर्वांत बलाढ्य संगणक आज सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडी करतात, म्हणजे एका टप्प्याला साडेअकरा दिवस. सौरवाऱ्यातले इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे वीस हजार वेळा झुलतात. ते झुलणं नीट टिपायचं तर टप्पा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा हवा. म्हणजे वादळाचा एक सेकंद गणायला तीस हजार वर्षांहून जास्त. वादळ तर दिवसभर चाललं होतं.

तेव्हा काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे ठरवावं लागतं, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येचा गाभा तो निर्णय आहे. कोणी कण सोडून देतो आणि प्लाझ्माला चुंबकत्व असलेलं द्रव मानतो. मग हजार किलोमीटरांचं घरही चालतं आणि संपूर्ण पृथ्वीचं वादळ हिशेबात येतं, पण ते अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचे भोवरे हरवतात. कोणी आयन कण म्हणून ठेवतो आणि इलेक्ट्रॉनांना द्रव करतो. कोणी एकाच छोट्या तुकड्यावर नजर रोखतो आणि तिथे कण न् कण मोजतो. यातला कुठलाच मार्ग सरसकट चूक नाही, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला तो चुकीचा असू शकतो. हे तारतम्य सूत्रात बांधता येत नाही. अनुभवी माणसाशेजारी बसून, तीन-तीनदा प्रोग्राम चालवूनच ते अंगी येतं.

संगणकाने माणसाला प्रथम चकित केलं ती गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचं एक टोक पनवेलला येऊन मिळतं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या मेनियाक या संगणकावर एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लॉ उलाम यांनी एक खेळ मांडला. स्प्रिंगांनी जोडलेल्या वजनांची साखळी. स्प्रिंगचा ताण तिच्या लांबीतल्या वाढीच्या अगदी समप्रमाणात न ठेवता त्यात थोडी वाकडी भर घातलेली. प्रोग्राम रचला मेरी त्सिंगू या तरुण गणितज्ञेने. साखळीला एका मोठ्या लहरीचा आकार देऊन सोडायचं आणि ती ऊर्जा हळूहळू सगळ्या लहानमोठ्या लहरींत कशी वाटली जाते ते पाहायचं, असा बेत होता. उष्णतेचा सिद्धांत तेच सांगत होता. सुरुवातीला ऊर्जा वाटली गेलीही. पण हिशेब बराच वेळ चालू राहिला तेव्हा ती जवळजवळ सगळी पुन्हा पहिल्या लहरीत परतली. साखळीला आपली सुरुवात आठवत होती! १९५५ च्या अहवालात मेरी त्सिंगूंचा उल्लेख आभारापुरता राहिला आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं हा प्रयोग बाकी तिघांच्याच नावाने ओळखला गेला. आता त्यांचं नाव जोडलं जातं, आणि ते आवर्जून घ्यायला हवं.

हे कोडं सोडवताना १९६५ साली नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल यांना संगणकावर एकाकी लाटा दिसल्या. त्या एकमेकींवर आदळून आरपार जात आणि आपला आकार जसाच्या तसा राखत. त्यांना नाव मिळालं सॉलिटॉन. अशी एक लाट १८३४ साली स्कॉटलंडमधल्या कालव्यात जॉन स्कॉट रसेल यांनी पाहिली होती आणि घोड्यावरून तिचा पाठलागही केला होता. १९६६ साली जपानमध्ये वाशिमी आणि तानिउती यांनी दाखवलं की प्लाझ्मातल्या आयनांच्या ध्वनिलहरींनाही या एकाकी लाटांचंच समीकरण लागू पडतं.

भूचुंबकत्व संस्थेतले अमर काकड आणि भारती काकड यांनी क्योटो विद्यापीठाचे योशिहारु ओमुरा यांच्यासोबत २०१३ साली या आयन-ध्वनी सॉलिटॉनांच्या रांगा संगणकात घडवून दाखवल्या आणि त्यांची उंची, रुंदी, वेग कागदावरच्या सिद्धांताशी ताडून पाहिले. पुढे या संस्थेच्या संशोधकांनी नासाच्या मेव्हन यानाच्या नोंदी चाळल्या. मंगळाभोवतीच्या पाच फेऱ्यांत त्यांना सुमारे ४५० एकाकी स्पंद सापडले. १,००० ते ३,५०० किलोमीटर उंचीवरचे, मीटरला १ ते २५ मिलिव्होल्ट इतक्या क्षेत्राचे, आणि टिकायचे ते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आगेमागे. मंगळाला पृथ्वीसारखं स्वतःचं चुंबकीय कवच नाही, त्यामुळे त्याच्या वातावरणातले आयन अवकाशात कसे निसटतात हा मोठा प्रश्न आहे. अशा इवल्या स्पंदांचा त्यात हात असेल का, ते या कामामुळे विचारता येऊ लागलं. कालव्यातली लाट, लॉस अलामॉसची साखळी आणि मंगळावरचा मिलिसेकंदाचा स्पंद, तिन्हींचं गणित एकाच गोत्राचं. हे कळलं तेव्हा मी वाचत होतो ते पान बराच वेळ तसंच उघडं राहिलं.

महाराष्ट्रात या कामाला लागणारी यंत्रं आज दूर नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक हा संगणक कार्यान्वित झाला. त्याची स्मृती होती २,०४८ शब्दांची. पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकरांच्या चमूने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. आता पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, उष्णदेशीय हवामान संस्थेत अर्क आहे. २ सप्टेंबर २०२३ ला, कुलाब्याच्या त्या नोंदीच्या बरोबर वाढदिवशी, आदित्य-एल १ हे यान झेपावलं आणि ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवरून सौरवाऱ्याचे आकडे पाठवत आहे. आकडे आहेत, यंत्रं आहेत. कमतरता आहे ती दोन्हींकडे संशयाने आणि प्रेमाने पाहणाऱ्या माणसांची. पदवीच्या वर्गात संगणकाचं प्रात्यक्षिक जर्नलमध्ये प्रोग्राम उतरवून सही घेण्यापाशी थांबत असेल, तर भौतिकशास्त्र शिकणारं मूल त्या भोवऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि हे मला सहन होत नाही.

सुरुवात करायला महासंगणक लागत नाही. मेरी त्सिंगूंनी चालवलेला हिशेब आज कुठल्याही साध्या लॅपटॉपवर पायथनच्या चाळीस-पन्नास ओळींत बसतो. ३२ स्प्रिंगांची साखळी घ्या, दोन्ही टोकं बांधून टाका, स्प्रिंगच्या ताणात लांबीतल्या वाढीच्या वर्गाची एक-चतुर्थांश भर घाला आणि साखळीला अर्ध्या लहरीचा आकार देऊन सोडा. पहिल्या लहरीची ऊर्जा ओसरताना दिसेल. तिथे थांबू नका. त्या लहरीची सुमारे १५७ आवर्तनं होईपर्यंत प्रोग्राम चालू द्या, ऊर्जा घरी परतताना तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. आणि दिसल्यावर लगेच विश्वास ठेवू नका. एकूण ऊर्जा तेवढीच राहिली का ते तपासा, मग कालाचा टप्पा निम्मा करून सगळं पुन्हा एकदा चालवा.